नववा रकाना

रजिस्टरात आठ रकाने होते.
नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव,
पत्ता, वेळ, जखम, कोणी आणलं, कुठे पाठवलं.
नववा मी आखला. पट्टी नव्हती,
एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटाची कड धरून आखला,
म्हणून जरा तिरपा आहे.

डॉक्टर कियावत म्हणाल्या होत्या,
"शरयूताई, एवढंच विचारा –
शेवटचा घोट कुठे घेतला?
किती, ते नको. का, ते तर मुळीच नको."

पहिल्या रात्री लाज वाटली.
कपाळ फुटलेल्या माणसाला हे काय विचारायचं?
पण माणसं सांगतात.
पोलिसाला सांगत नाहीत, घरी सांगत नाहीत,
टाके पडताना छताकडे बघत मला सांगतात:
नाक्यावरची कलाली. मिलच्या मागे, भिंतीला टेकून.
ट्रकात. लग्नात. घरीच, बाई, घरीच.
एकजण म्हणाला, लिहा – माझ्या पोराच्या बारशात.
रकाना अरुंद. बारसं दोन ओळींत बसवलं.

बायकांना विचारताना प्रश्न मोडतो.
त्यांच्या हाताचं हाड
दुसऱ्याच्या घोटानं गेलेलं असतं.
"त्यांनी कुठे घेतली होती?"
"मला काय माहीत, मी पोळ्या लाटत होते."
तेच लिहिलं: पोळ्या लाटत होती.
मॅडमनी खोडलं नाही.

रंगपंचमीला, गेर संपल्यावर,
सगळे एकाच रंगाचे येतात.
मांगीलाल स्पिरिटचा बोळा फिरवतो
तेव्हा कळतं कुठला गुलाल, कुठलं कातडं.
त्या दिवशी दुपारी चारलाच पान भरलं.

चार महिन्यांनी मॅडमनी शहराचा नकाशा
औषधांच्या कपाटावर चिकटवला.
टाचण्या नव्हत्या, टिकल्या लावल्या,
माझ्याच पाकिटातल्या, मरून.
वाटलं होतं, गोवर आल्यासारखं सगळं शहर उठेल.
तसं नाही झालं.
तीन जागी दाटी. बाकी इंदूर जवळजवळ कोरं.
परदेशीपुऱ्यातली एक गल्ली, नाक्याचं वळण,
आणि मिलमागची ती भिंत, जिथे दिवा नाही.

मी इतकी वर्षं माणसांना दोष देत आले.
माझा भाऊ गेला तेव्हाही
त्यालाच दिला, लाकडं पेटेपर्यंत दिला.
आई म्हणायची, संगत. काका म्हणायचे, पत्रिका.
कोणी म्हटलं नाही की
कलालीपासून घर दोनशे पावलं,
मध्ये उघडं गटार,
आणि शटर रात्री साडेअकराला पडायचं.

मग कागद गेले. परत आले. पुन्हा गेले.
ठेकेदाराचा माणूस येऊन खुर्चीत बसला,
"शहर काय नुसत्या पोह्यांवर चालतं का, बाई?"
चहा पिऊन गेला.
शेवटी एवढंच झालं:
भिंतीपाशी खांब, खांबावर दिवा.
नाक्यावरचं शटर तासभर आधी.
गल्लीतल्या गटारावर फरशी.
भाषण नाही, शपथ नाही.
पिणारे पितात.

शनिवारी मी पेन उघडं ठेवून बसते.
दहा वाजतात. अकरा.
मांगीलाल कापूस गुंडाळतो, उलगडतो, गुंडाळतो.
जो आज आला नाही
त्याचं नाव मला कधी कळणार नाही.
डोकं शाबूत घेऊन कुठेतरी भांडत असेल,
किंवा तोंड उघडं टाकून झोपला असेल.
आपण वाचलो, हे त्याच्या गावीही नाही.
मॅडम म्हणतात, रिकाम्या ओळी मोजा.
मोजते. कधी सहा, कधी दोन. एकदा एकही नाही,
त्या रात्री टाके घालायला दोरा कमी पडला.

मागच्या आठवड्यात, कोणी बघत नसताना,
एका रिकाम्या ओळीवर जुनी तारीख घालून
मी लिहिलं: अच्युत, वय एकतीस.
नवव्या रकान्यात – घरापासून दोनशे पावलं.
मग पान फाडायला हात गेला.
सरकारी रजिस्टर. पानांना आकडे असतात.
राहू दिलं.