तिमाही

दांडिया बाजारात, किरीटभाईंच्या पेढीवर
पंखा फिरतोय, आकडे लाल.
नफा अंदाजापेक्षा कमी आला, एवढंच;
पण सकाळपासून शेअर एकशे बारा रुपयांनी घसरला
आणि भावसार मास्तर
सेवउसळ निवत ठेवून उभेच.

"काढी नाखो, बेन," किरीटभाई म्हणतात.
माझे चाळीस.
वीज बोर्डाच्या फंडातून घेतलेले,
निनाद तिथे लागला त्या वर्षी.
भाच्याची कंपनी म्हणून.
ताळेबंद वाचायला मी कुठे बसले होते?

अडीच वाजता साहेब बोलले, पडद्यावर.
वारं उलटं आहे म्हणाले.
कोणीतरी विचारलं, माणसं कमी करणार का?
साहेब घोटभर पाणी प्यायले.
सहाशे, म्हणाले.

मग हिरवं.
बघता बघता अकरा रुपये वर.
मास्तरांनी पहिला घास घेतला,
किरीटभाईंनी चहा मागवला,
माझ्यासाठी बिनसाखरेचा, आठवणीनं.

चाळीस गुणिले अकरा.
चारशे चाळीस.
बोटांनी आपणहून केला हिशेब,
मी सांगितलं नव्हतं.

सूरसागराच्या कठड्यापाशी
पर्समध्ये फोन वाजतोय.
निनादच असणार.
थांबला.
पुन्हा वाजतोय.