शेवटचं रीळ

डबा तळघरात सापडला, बॉयलरच्या मागे,
उंदरांनी कुरतडलेल्या पोस्टरांच्या खाली.
झाकणावर अर्धंच नाव उरलेलं: "…ची विहीर".
कुणाची, ते गंजानं खाल्लं होतं.

नेवाडातलं आमचं गाव. साडेआठशे वस्ती,
मालगाडी इथे थांबत नाही, नुसती शिट्टी देते.
थिएटर महिन्यातून दोनदा उघडतं
आणि प्रोजेक्टर मी चालवते, कारण आधी बाबा चालवायचे.

गुरुवारी अठ्ठावीस माणसं आली.
निम्मी, आमच्याकडे हीटर चालू असतो म्हणून.
माइते एचेगोयेन विणकाम घेऊन आली,
मेंढपाळांच्या घरातली ती, रिकाम्या हातांनी बसणं तिला पाप वाटतं.
पायूट वस्तीतला लेलँड, घोड्यांना नाल ठोकणारा,
दारातच सांगून मोकळा झाला:
"आमची माणसं दहा मिनिटांत मरतात.
अकराव्या मिनिटाला मी घरी."
आणि ऑर्व्हल प्रिडी, सत्त्याऐंशी वर्षांचा:
"पाहिलाय मी हा. भिकार आहे.
अख्ख्या सिनेमात एक गोळी सुटत नाही."
हे तो सतराव्या वर्षापासून सांगत आला होता,
न्हाव्याकडे, गुरांच्या बाजारात, दोन लग्नांत.

तर गोष्ट अशी:
भावाच्या खुन्याला मारायला एक स्वार येतो.
खुनी सापडतो, पण विहिरीत. खणतोय.
वर कोण आलंय, ते त्याला दिसत नाही.
खालून ओरडतो, "ओढ!"
आणि स्वार, का कुणास ठाऊक,
दोर ओढतो.
बादली वर येते. माती. बादली खाली जाते.
पुन्हा माती.
नवव्या बादलीला मागे कुणीतरी जांभई दिली.
विसाव्या बादलीला कुणीच दिली नाही.

मध्येच एक पायूट बाई जाते, पाठीवर मूल.
थांबते, विहिरीत डोकावते,
आपल्या भाषेत काहीतरी बोलते आणि निघून जाते, जिवंत.
पडद्यावर त्याचा अर्थ कुणी सांगत नाही.
लेलँड मात्र असा हसला
की पुढच्या रांगेतल्या बाईचे पॉपकॉर्न सांडले.
"काय म्हणाली? काय म्हणाली?"
"गप्प बसा," तो म्हणाला, "सिनेमा बघू द्या."
एकोणचाळिसावं मिनिट होतं ते.

पाचव्या रिळानंतर मी खिडकीतून पाहिलं,
ऑर्व्हल खुर्चीच्या अगदी कडेला सरकलेला,
टोपी मांडीवर उलटी, जणू त्यात काही पडणार आहे.
सहावं त्यानं पाहिलंच नव्हतं कधी.

सहाव्यात पाणी लागतं.
माणूस वर येतो, चिखलानं माखलेला, स्वाराकडे बघतो,
ओळखतो.
ओंजळ पुढे करतो, गढूळ पाण्याची.
स्वार पितो, मग हात पिस्तुलाकडे नेतो,
पण दोरानं तळवे सोलून निघालेले.
मूठ वळत नाही.
तो एकदा प्रयत्न करतो. पुन्हा एकदा.
मग तसाच उभा राहतो, हात पुढे धरून,
लहान मूल नखं कापून घ्यायला धरतं तसा.
संपला.

दिवे लावायला मला उशीर झाला.
माइतेनं विणकाम खाली पाहिलं:
बाही वीतभर जास्त झाली होती, कुणाच्याच हाताला न बसणारी.
कुणीतरी म्हणालं, "हे आपल्या पायाखाली होतं?"
जणू डब्यानंच हाक मारायला हवी होती.

ऑर्व्हल जिना चढून वर आला, तीनदा थांबत.
"मी खोटं सांगत नव्हतो," म्हणाला.
"गोळी खरंच सुटत नाही."
मी म्हटलं, "नाही सुटत."
"शेवटचं पुन्हा लावशील?"

फिल्म ठिसूळ होती, दोनदा तुटली, दोनदा मी जोडली.
खाली कुणी उठलंच नव्हतं.
बाहेर अठरा गाड्यांच्या काचांवर बर्फ साचत राहिला.

लेलँडनं अजून सांगितलेलं नाही ती बाई काय म्हणाली.
विचारलं की नालेवरचा हातोडा थांबवतो,
हसतो, आणि म्हणतो,
आधी बादली ओढ.