हयातीचा दाखला

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात
काळाचौकी शाखेच्या तीन नंबरच्या खिडकीशी
सत्यवती सहदेव घाडीगावकर येतात
आपण जिवंत आहोत हे सांगायला.

पिशवीत पेन्शनचं पुस्तक, चष्म्याचं घर,
आणि कागदात बांधलेल्या दोन नारळाच्या वड्या,
ज्या मी नियमाप्रमाणे घेऊ नयेत
आणि घेतो.

अंगठा ठेवा, बाई.
यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही.
दुसरा ठेवा.
जुळत नाही.
तीस वर्षं गिरणीवाल्यांची खानावळ चालवली त्यांनी,
दिवसाला दोनशे भाकऱ्या.
तव्यानं रेषा खाल्ल्या.
गिरण्या गेल्या, तवा थंड झाला,
रेषा काही परत आल्या नाहीत.

"त्यांचं बरं होतं," बाई म्हणतात,
"एक तार आली. कुणी विचारलं नाही पुरावा काय.
मेलेल्याचं एकदा लिहिलं की झालं.
मला मेलीला दरसाल जिवंत व्हावं लागतं."

मग दुसरा कागद:
मी पुनर्विवाह केलेला नाही, असे लिहून देते.
वय एकाहत्तर.
"यंदा करून टाकू का?"
मागची रांग हसते. मीही हसतो.
फार वर्षांपूर्वी एकदा शाखेतली वीज गेली होती,
तेव्हा त्या अंधारात म्हणाल्या होत्या,
एक जॉबर यायचा जेवायला, वालावलकर,
भाकरी करपली तरी न बोलता खायचा.
एवढंच.
मग वीज आली.

सहदेव चोवीसचा. मराठा पलटणीत नाईक.
लग्नानंतर दोघांचे मिळून दिवस सव्वीस;
त्यातले नऊ बाईंना पाठ आहेत.
"बाकीचे असेच गेले हो.
मोजायचे असतात हे कुठे माहीत होतं?"
एकाहत्तरचा डिसेंबर, पूर्वेकडची कुठलीशी नदी,
जिचं नाव तिघांनी तीन सांगितलं.
तो आला नाही. काळी ट्रंक आली.
तिच्यात स्वेटर, दाढीचं सामान,
आणि साबणाची अर्धी वडी.
मला वाटलं, ती अजून जपून ठेवली असणार.
"छे. वापरली की.
साबण तो साबण.
पण शेवटची चपटी राहते ना, हाताला न लागणारी,
ती मात्र मोरीत कधी वाहून गेली
ते मला कळलंच नाही."
हे सांगताना त्या यंत्राकडे बघत होत्या.

सव्वीस जानेवारीला चौकात बोलावतात.
माईकवर आडनाव चुकतं,
शाल मिळते. अकरा झाल्या.
चाळीत ज्याला थंडी वाजते त्याला एक जाते.
त्याच्या नावाची पाटीही आहे तिथे,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकामागे.
वारा आला की "नाईक" तेवढं दिसतं.

मी पंचवीस नोव्हेंबर पाहिले असे.
हात पुसून दिला, पावडर लावली,
व्यवस्थापकांना बोलावलं, अर्ज लिहिले
की समोर बसलेली बाई समोर बसलेली आहे.
परवा नवव्या खेपेला,
दोघंही कंटाळलो होतो म्हणून,
म्हटलं, डावा हात द्या, कुठलंही बोट चालेल.
हिरवा दिवा लागला.
"झालं?"
झालं.
"म्हणजे आहे मी," असं म्हणून त्यांनी
पिशवीची गाठ मारली
आणि पंख्याखाली जरा वेळ बसल्या.

मार्चअखेर मी निवृत्त होतोय.
खिडकीवर केणी येईल, नवा मुलगा, हुशार आहे,
पण घाई फार.
खणात त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवलीय:

घाडीगावकर बाई नोव्हेंबरात येतील.
उभं करू नये, खुर्ची द्यावी.
आडनाव नीट उच्चारावं.
पुनर्विवाहाचा कागद वाचून दाखवू नये, नुसता पुढे करावा.
अंगठ्याचा नाद सोडावा.
डाव्या हाताची अनामिका घ्यावी,
ती अजून ओळखू येते.
वडी दिली तर घ्यावी.