गैरहजर

आईनं बारा वर्षं एकच काम मन लावून केलं:
मागमूस ठेवला नाही.
विजेचं बिल एफ्राइनमामाच्या नावावर,
गाडी शेजारच्या ओदिलियाबाईंची,
फोन कुणाचा, ते मला अजून ठाऊक नाही.
सफरचंदांच्या शेडमध्ये तिच्या छातीवर
दर हंगामात वेगळ्याच बाईचा बिल्ला.
पत्रपेटीवर नुसता आकडा.

आणि आता कॉलेजचा कागद म्हणतो,
इथे राहत होता ना? सिद्ध करा.

यारेत्सी वहीच्या मागच्या पानावर दोन फिया लिहिते.
राज्यातल्यांची एक,
बाहेरच्यांची जवळजवळ तिप्पट.
पहिली म्हणजे आईचे दोन हंगाम
आणि माझे दात सरळ करायचे राहून जाणं.
दुसरी म्हणजे
वही मिटणं.

‘बाहेरचे म्हणजे कुठले?’ मी विचारतो.
‘आयडाहो. ओरेगन.’
ती दोन्हीकडे कधी गेलेली नाही.
वेवेतेनांगोमधलं तिला एक कुत्रं आठवतं,
तेही बहुतेक फोटोतलं.

मी याच दरीत जन्मलो.
माझ्या दाखल्यावर उठावाचा शिक्का आहे,
बोट फिरवलं की लागतो.
तो मी कमावलेला नाही.
मी फक्त उशिरा आलो.

रात्री टेबलावर बुटांचा खोका उपडा केला.
लसीचं कार्ड. गायनस्पर्धेचं पत्रक,
त्यात तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं.
वाचनालयाची पावती: देवमाशांचं पुस्तक,
एकोणीस दिवस उशीर, दंड एक डॉलर नव्वद.
त्या दिवशी आई केवढी ओरडली होती!
पैशांसाठी नव्हे.
‘नाव लिहून घेतलं त्यांनी तुझं?’
मग वर्षभर आम्ही त्या रस्त्यानं गेलो नाही.
आता तीच पावती ती मिठाच्या बरणीखाली
दाबून सपाट करत होती.

सगळं जुळलं. एक वसंत सोडून.
बाबांना हॉप्सच्या मळ्यावरून नेलं, तो वसंत.
आम्ही ओदिलियाबाईंच्या तळघरात होतो,
दिवा न लावता, मका उकडून खात.
त्याची पावती कोण देणार?

काउंटरपलीकडे हाल्वर्सनबाई.
चष्म्याला साखळी, बोटाला शाई.
एकेक कागद उलटत त्या तिथेच थांबल्या.
‘फेब्रुवारी ते मे?’
आई माझ्याकडे बघते. मी दुभाष्या.
एवढं वाक्य मला कुठल्याच भाषेत येईना.

यारेत्सीनं मग शाळेचा उतारा पुढे सरकवला.
एकेचाळीस दिवस, एकाखाली एक:
गैरहजर. गैरहजर. गैरहजर.
‘पटावर नाव होतं,’ ती म्हणाली.
‘म्हणून तर गैरहजर.’

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मागे प्रिंटर कुणाचं तरी काहीतरी छापत होता.
मग त्यांनी प्रतिज्ञापत्र वळवून ठेवलं,
सही कुठे करायची तिथे पेनानं बारीक फुली मारली.
म्हणाल्या, निर्णय माझ्या हातात नाही,
समिती बसते, पत्र येईल,
पत्ता नीट लिहा.

यारेत्सीनं पत्ता लिहिला. आमचा, खरा.
आई एकेक अक्षर उमटताना बघत होती,
जणू कुणी घराचं दार
आतून उघडतंय.

निघताना तिनं माझी बाही ओढली,
हे विचार म्हणाली,
एवढंच विचार:
ती देवमाशांची पावती
परत मिळेल ना?