प्रश्न क्रमांक सात

विश्रामबागेत, मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
आधी एसी लावायचा, मग मशीन.
मशीनला गारवा लागतो. पेशंटला पंखाही चालतो.
मी जमादार मॅडम. अकरा वर्षं झाली
लोकांच्या हनुवटीवर, वरच्या ओठावर, कल्ल्यांवर
मोजून उजेड सोडते.

फॉर्मवर चौदा प्रश्न.
सहाव्यापर्यंत सगळे खरं लिहितात,
वयात एखादं वर्ष इकडंतिकडं.
सातवा : सध्या कुठली औषधं चालू आहेत?
इथं पेन थांबतं
आणि शेजारून कुणीतरी म्हणतं,
लिही की, निरंक.

मयुरा सावळजची. सोबत आत्या.
साखरपुडा वीस दिवसांवर.
‘आमच्यात गोळ्याबिळ्यांची सवयच नाही कुणाला,’ आत्या म्हणाली.
मुलीनं निरंक लिहिलं.
क-ची शेपटी जरा लांब गेली, खालच्या ओळीत.

आधी एकच ठिपका, ही माझी पद्धत :
कानामागं, जबड्याच्या कडेला.
तिच्या डोळ्यांवर चष्मा, माझ्याही.
एकदाच, टक्.
‘रबर ताणून सोडल्यासारखं,’ ती म्हणाली.
सगळ्याच म्हणतात.

तिसऱ्या दिवशी एकटी आली, तासगावहून गाडी बदलून,
ओढणी गालापर्यंत.
ठिपक्याच्या जागी डाग,
चिंचोक्याएवढा, चिंचोक्याच्याच रंगाचा.
मी ओरडले नाही.
बर्फ पुसून काढला, मलम लावलं,
डॉक्टर येईपर्यंत विचारलं :
सातव्यात काय लिहायचं होतं?

ती पंख्याकडं बघत बोलली.
मुरमांच्या कॅप्सूल, दीड महिना झाला.
आणि मिरजेच्या डॉक्टरांची एक. रात्रीची. अर्धी.
आधी झोप येत नव्हती म्हणून,
मग रडू थांबेना म्हणून.
चहापत्तीच्या डब्यामागं ठेवते.
कॅप्सूलचं आत्याला चाललं असतं. अर्धीचं नाही.

मी सुरू केलं, पाठ आहे तसं :
काही औषधं कातडीत जाऊन बसतात,
एरवी सोसतो तेवढाच उजेड मग…
तिनं मध्येच तोडलं.

‘मॅडम, आमचं बेदाण्याचं शेड आहे.
द्राक्षं आधी डिपिंगच्या पाण्यात बुडवतात.
वरची पांढरी लव निघून जाते, साल उघडी पडते.
मग जाळीवर पसरायची, पण सावलीत. चारी बाजूंनी हिरवी नेट.
मागच्या वर्षी वाऱ्यानं कोपरा फाटला,
तेवढा माल उन्हात आला आणि काळा पडला.
व्यापाऱ्यानं मूठ भरून बघितलं
आणि काही न बोलता मूठ परत सोडली.’
थोडं थांबून,
‘म्हणजे मी सध्या बुडवून काढलेली आहे.’

मी फॉर्म काढला. निरंकवर काट मारली.
कॅप्सूल, लिहिलं, कधीपासून, किती.
अर्धी गोळी, लिहिलं,
आणि पुढं : मशीनसाठी ही बंद करायची नाही.
खाली दोन रेघा.
उजेड थांबेल. त्याला कुठं साखरपुड्याला जायचंय?

‘आत्या बघंल का हे?’
फाइल मी खालच्या कप्प्यात ठेवली, किल्ली
माझ्या चष्म्याच्या घरात.
‘डाग दिसंल पण फोटोत.’
दिसू दे. नाहीतर आंबाडा त्या बाजूला घाल.
ती पहिल्यांदा हसली, एकाच गालानं,
दुसरा दुखत होता.

जाताना माझी छत्री दिली.
मला ती कशाला लागते, तिनं विचारलं नाही.
सकाळची एक गोळी आहे माझीही, बीपीची.
स्कूटरवर बाहीचे मोजे घालते तर सगळ्यांना वाटतं
गोरेपणासाठी.
मला सातवा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

खिडकीतून बघत राहिले.
भर एप्रिलमध्ये, दुपारी बाराला
सांगलीच्या रस्त्यावर तिनं काळी छत्री उघडली,
आणि उसाच्या रसाच्या गाड्यावरच्या दोघांनी
ग्लास हातात धरून
आभाळाकडं बघितलं.