विमानतळावरचा वजनकाटा

टोंगाच्या नकाशात शाई सांडल्यासारखं आमचं बेट.
विमान आठवड्यातून दोनदा येतं, आठ खुर्च्यांचं,
आणि त्यात बसण्याआधी
माणसाला सामानासकट काट्यावर उभं राहावं लागतं.
आकडा मी लिहितो. पेन्सिलीनं.
मोठ्यानं वाचत नाही.
बावीस वर्षांत एवढं एकच तत्त्व पाळलंय मी.

कालोलाइने, दातांच्या दवाखान्यातली नर्स,
महिन्यातून एकदा मुख्य बेटावर जाते
कवळ्यांचे साचे घेऊन.
वहीत ती अशी दिसते:
एकशे एकोणीस. एकशे एकोणीस.
मग कुठल्याशा स्पर्धेत नाव घातलं तिनं,
एकशे चार, अठ्ठ्याण्णव, नव्वद.
नव्वदला वैमानिकानं टाळ्या वाजवल्या,
चर्चच्या बायकांनी गळ्यात माळ घातली
आणि बक्षीस काय दिलं, तर डुक्कर.

मग तिची आई गेली.
आमच्याकडे माणूस गेलं की दहा दिवस
जमिनीतल्या भट्टीचे दगड निवत नाहीत.
नारळाच्या दुधात शिजलेलं मांस, मांडीएवढी कोनफळं,
आणि 'नको' म्हणायचं
म्हणजे गेलेल्या माणसालाच नको म्हणायचं.
त्र्याण्णव. एकशे एक. एकशे सतरा.
पहिले पाढे पंचावन्न,
आणि तेही माझ्याच अक्षरात.
त्या दिवशी ती चपला काढून काट्यावर चढली,
जणू सगळं वजन चपलांचंच.
म्हणाली, "सेमिसी, खोडरबर आहे का रे?"
दोघं हसलो.
ती आधी थांबली.
मी बॅगेचं वजन विचारलं.

दुसऱ्यांदा तिनं कुणालाच सांगितलं नाही.
मला कळलं, कारण पहाटे
धावपट्टीवरची डुकरं हाकलायचं कामही माझंच,
तर डुकरांच्या पलीकडे एक टॉर्च हलताना दिसला.
बेटावर सरळ आणि सपाट असं तेवढंच आहे.
नऊशे मीटर जायचं, नऊशे यायचं,
विमान नसलेल्या दिवशी विमानासारखं
टोकापर्यंत जाऊन
उडायचं नाही, वळायचं.
रविवारी घाम गाळायला मनाई,
तर चर्चला लांबच्या वाटेनं, छत्री घेऊन.

जेवणावळीत पाहतो मी तिला:
ताटात मासा, कोनफळाच्या दोन फोडी,
बाकीचं केळीच्या पानात बांधून "आत्याला नेते" म्हणते.
(आत्या दर खेपेला जड होते आहे,
तीही माझ्याच वहीत आहे.)
माशाचा एकेक काटा वेगळा काढत
ती इतकी सावकाश जेवते
की शेजारचे तिसऱ्यांदा वाढून घेतात.
कमरेची चटई बांधायची तिची दोरी
आता हातभर लोंबते.
कापत का नाहीस, विचारलं,
तर म्हणाली, आईची आहे.

एकशे दहा. एकशे दोन. सत्त्याण्णव.
नाताळात पुन्हा शंभर.
पंच्याण्णव.
आणि तेव्हापासून चार वर्षं
चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, पंच्याण्णव,
इतकी कंटाळवाणी पानं साऱ्या वहीत नाहीत.
टाळ्या नाहीत, माळ नाही, डुक्कर तर नाहीच.
नवा वैमानिक समजतो, ही पहिल्यापासून अशीच.

मलाही वाटायचं, आता सोपं असेल.
गेल्या मंगळवारी ढग होते, विमान उशिरा.
बाकावर बसून ती म्हणाली,
"कमी होताना निदान आकडा तरी बदलायचा रे.
आता रोज तेवढंच चालायचं
आणि काहीच घडू द्यायचं नाही."
मी माझ्या डब्यातला पाव पुढे करणार होतो.
हात मध्येच थांबला.
तिनं पाहिलं,
आणि अर्धा मागून घेतला.

मग विमान आलं. ती चढली काट्यावर.
काटा थरथरला, जरा पुढे, जरा मागे.
पुरता थांबत नाहीच तो कधी,
समुद्राचा वारा असतो आमच्याकडे.
मी दोन्हींच्या मधलं बघितलं
आणि लिहिलं, पंच्याण्णव.