काळी, पांढरी

गावाचं नाव आली.
पहिल्या दिवशी मी एकटाच हसलो.
कोण आली, कुठून आली, इथे कुणी विचारत नाही.
कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर, आणि त्यामागे
चार हजार वर्षांची थडगी,
खळ्यात ओतून विसरलेल्या राशींसारखी.

मी मोजणीवाला, प्रवरेकाठचा.
तिपाईवर यंत्र, डोक्यावर ओला पंचा.
सोरखाबाई आयर्लंडच्या, मेयो मुलखातल्या.
तिथली माती, म्हणतात, इतकी काळी की ती मातीच नव्हे,
कुजल्या शेवाळाचा पुरुषभर थर,
पाय ठेवला की गादीसारखा हलतो.
त्यात पुरलेलं लोणी दीड हजार वर्षांनी निघालं,
लाकडी बुधल्यात, बोटांच्या खुणांसकट.
मी म्हटलं, बहरीनमध्ये ते दुपार गाठत नाही.

त्यांचे आजोबा जळणासाठी ती माती विटांसारखी कापायचे.
एकदा फावडं अडलं.
मग लांब सळई घेऊन खुपसत निघाले:
मऊ, मऊ, मऊ, टण्.
पाऊलभर सरकून पुन्हा टण्.
टण् ला टण् जोडत नकाशा झाला,
खाली शेतांचे बांध होते,
पिरॅमिडांच्याही आधीचे.

"बांधावरून भांडत असतील?"
"न भांडून कसं चालेल? आजोबा शेजाऱ्याशी सतरा वर्षं बोलले नव्हते."
म्हटलं, बाई आपल्याच तालुक्यातल्या.

मग मीही सांगितलं:
आमच्यात काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती.
चुलीची राख सांडत, भिंती पडत, पुन्हा उठत
माती पांढरी होते.
त्यांनी वहीत लिहून घेतलं, दोनदा, रोमन अक्षरांत.
बराच वेळ टेकाडांकडे बघत राहिल्या.

गुरुवारी एकशे बारा नंबर उघडला.
हाड नाही, मणी नाही.
कोपऱ्यात एक शिंपला,
आणि छताला भोक, कुणीतरी आपल्याआधी येऊन गेल्याचं.
सिल्हेटचा मोफज्जल कुदळ टेकून खाली बसला.
बाईंनी रकान्यात लिहिलं: रिकामं.
"हेही मोजा," म्हणाल्या.
मोजलं.
रिकामं असूनही त्याला लांबी होती.

रात्री सलमाबादच्या खोलीवर भावाचा फोन.
चुलत्यानं बांध पुन्हा हातभर कोरलाय,
तलाठ्याकडे जाऊ का?
म्हटलं, जा, पण उद्या.
आधी पहार घे, बांधावरनं चालत जा,
आणि ऐक.